विश्लेषण : अकरावीचं कॉलेज निवडताना मित्राचा विचार करावा का?

दहावीचा निकाल लागला की घरात मार्कांचा हिशोब सुरू होतो. गेल्या वर्षीचा कटऑफ किती होता, आपल्याला कुठे मिळेल, विज्ञान की वाणिज्य, घराजवळ की बाहेरगावी. त्याच वेळी मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुसराच हिशोब चाललेला असतो. 'तू कुठलं कॉलेज टाकतोयस?' 'सगळ्यांनी एकच टाकू.' 'शब्द दिलायस हां, बदलायचं नाही.'

राज्यात दरवर्षी १५ लाखांच्या आसपास मुलं-मुली दहावीची परीक्षा देतात. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. विद्यार्थ्याला दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम देता येतो. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर नियमित फेऱ्यांमधून बाहेर पडावं लागतं. म्हणजे मित्राला दिलेला शब्द पहिल्या रकान्यात लिहिला आणि तेच कॉलेज मिळालं, तर तो सहज मागे घेता येत नाही.

मग काय करायचं? माझं मत सुरुवातीलाच सांगतो. शिक्षणाची वाट मित्रासाठी बदलू नये. पण वाट वेगळी झाली म्हणजे मित्र सुटणारच, हे आपल्या घरांमध्ये धरून चाललेलं गृहीतकही चुकीचं आहे. आणि बाहेर पडलेल्या मुलावर मैत्री टिकवण्याची जबाबदारी जास्त असते, ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवतच नाही.

हा प्रश्न इतका अवघड का वाटतो?

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी 'भविष्य' ही लांबची, धूसर गोष्ट असते. मित्र मात्र रोज संध्याकाळी दारात येऊन हाक मारत असतो. मोठ्यांच्या हिशोबात भविष्य मोठं आणि मित्र छोटा असतो, मुलांच्या हिशोबात नेमकं उलटं. दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नसतात.

आमचं चौघांचं असंच झालं होतं. बार्शीत एकाच शाळेत पाचवीपासून एकत्र. दहावीनंतर चौघांनी गावातल्याच कॉलेजात जायचं ठरलं होतं. मला मार्क थोडे जास्त पडले आणि घरी लातूरचा विषय निघाला. त्या काळात आमच्या भागात इंजिनीअरिंग किंवा मेडिकलला जायचं म्हटलं की लातूर, हे ठरलेलंच होतं. एसटीने अडीच-तीन तासांचं अंतर, पण आम्हाला ते परदेशासारखं वाटलं. मी तीन दिवस घरात धड बोललो नाही आणि चौथ्या दिवशी गेलो. पुढे पुण्यात इंजिनीअरिंग झालं, नोकरी लागली.

मी गेलो ते योग्यच होतं, असं आजही वाटतं. पण त्या वेळी मला जे सांगितलं गेलं, 'मित्र काय, तिकडे गेल्यावर नवे मिळतील,' ते तपासून पाहायला मला दहा वर्षं लागली.

संगतीचा अभ्यासावर खरंच परिणाम होतो का?

'मित्रांच्या नादाने वाया गेला' हे वाक्य प्रत्येक गल्लीत ऐकू येतं. त्यात तथ्य अजिबात नाही असं म्हणता येणार नाही.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना खोलीतला जोडीदार स्वतः निवडता येत नसे, तो चिठ्ठी टाकल्यासारखा ठरत असे. त्यामुळे 'हुशार मुलं हुशार मित्र निवडतात' हा घोळ तिथे नव्हता. ब्रूस सॅसरडोट या अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खोलीतल्या जोडीदाराचा पहिल्या वर्षाच्या मार्कांवर परिणाम होतो, असं त्यात दिसलं.

पण यातून निघणारा अर्थ नीट पाहायला हवा. परिणाम होतो तो ज्याच्यासोबत आपण रोज राहतो त्याचा. मुलगा लातूरला, नांदेडला किंवा पुण्याला गेला की त्याच्या खोलीत नवी मुलं येणार आणि ती त्यांचं काम करणार. शंभर किलोमीटरवरच्या जुन्या मित्राने रविवारी फोन केला म्हणून कोणाचे मार्क घसरत नाहीत. तरीही अनेक घरांत बाहेरगावी पाठवताना 'आता त्यांचा नाद सोड' अशी अट घातली जाते. अभ्यासासाठी गाव सोडणं ही एक गोष्ट आणि त्यासोबत मित्र तोडायला लावणं ही वेगळी गोष्ट. पहिलीसाठी दुसरी करण्याची गरज नसते.

जागा बदलल्याने भविष्य खरंच सुधारतं का?

या प्रश्नावरचा सगळ्यात मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. १९९४ ते १९९८ या काळात बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांतल्या सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांपैकी काहींना सोडत काढून घरभाड्याची मदत मिळाली. एका गटाला अट होती की, गरिबी कमी असलेल्या वस्तीतच राहायला जायचं. कुटुंबं गेली, मुलांच्या शाळा, गल्ल्या, मित्र सगळं बदललं.

राज चेट्टी, नेथॅनिएल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी २०१६ साली या मुलांचं पुढे काय झालं ते मांडलं. तेराव्या वर्षाच्या आत जी मुलं चांगल्या वस्तीत गेली, त्यांचं विशी-पंचविशीतलं उत्पन्न मागे राहिलेल्यांपेक्षा सरासरी ३१ टक्के जास्त होतं. म्हणजे जागा बदलल्याने आयुष्य बदलतं, हे खरं. पण तेराव्या वर्षानंतर गेलेल्या मुलांना हा फायदा दिसला नाही, उलट थोडं नुकसानच दिसलं. अभ्यासकांनी त्याचं एक कारण असं सुचवलं की, त्या वयात जागा बदलल्याने बसलेली घडी मोडते. त्याची किंमत मोजावी लागते, आणि नव्या वस्तीचा फायदा घ्यायला तेवढी वर्षं उरत नाहीत.

हा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याकडे लावता येणार नाही. तिथे अख्खं कुटुंब नव्या वस्तीत गेलं, आपल्याकडे मुलगा एकटा, ठरावीक अभ्यासक्रमासाठी जातो. तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. किशोरवयात मुळं उपटण्याची किंमत असते आणि ती गंभीरपणे मोजली गेली आहे. दहावीनंतर हॉस्टेलवर गेलेला मुलगा पहिले सहा महिने गप्प गप्प असेल तर तो नाटकं करत नसतो.

नवे मित्र जुन्यांची जागा घेतात का?

घेतात, पण वेळ लागतो. किती, तेही मोजलं गेलं आहे. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी नुकतंच गाव बदललेल्या ३५५ प्रौढांना आणि विद्यापीठात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं की, नव्या ओळखीच्या माणसासोबत त्यांनी किती वेळ घालवला आणि नातं कुठवर आलं. २०१८ साली आलेल्या या अभ्यासानुसार नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात, मित्र म्हणण्याइतकं व्हायला ९० तास आणि जवळचा मित्र व्हायला २०० तासांहून जास्त. ऑफिसात किंवा वर्गात शेजारी बसलेला वेळ यात फारसा कामाला येत नाही. गप्पा, खेळ, भटकणं असा मोकळा वेळ लागतो.

आता साधं गणित करू. शाळेतून एकत्र घरी येणं आणि संध्याकाळचा खेळ मिळून रोजचे दोन तास धरले, तर २०० तास शंभर दिवसांत होतात. म्हणजे पाचवीत जूनमध्ये भेटलेला मुलगा दिवाळीपर्यंत जिवलग होतो. नोकरी लागल्यावर हेच दोन तास आठवड्यातून एकदा, शनिवारी मिळतात. तेव्हा २०० तासांना शंभर आठवडे लागतात, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. तोवर त्या माणसाने कंपनी बदललेली असते किंवा आपण फ्लॅट.

मोठेपणी मित्र होत नाहीत अशी तक्रार माझ्या वयाचे अनेक जण करतात. आपला स्वभाव बिघडलाय असं त्यांना वाटतं. पुष्कळदा तासांचीच कमतरता असते. आणि म्हणूनच लहानपणी जमलेले हजारो तास मोडीत काढणं हा वाईट व्यवहार आहे.

बाहेर पडण्याच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो, की प्रगती नव्या ओळखींतून होते. त्याला आधारही आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवलं की, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. पण त्याच लेखात ग्रॅनोव्हेटर यांनी नोंदवलंय की, ही क्वचित भेटणारी माणसं पुष्कळदा कॉलेजातले जुने मित्र किंवा आधीच्या नोकरीतले सहकारी होती. तेव्हा निव्वळ फायद्याचा हिशोब मांडला तरी जुना मित्र तोट्याच्या रकान्यात जात नाही.

मुलींना हा पर्याय असतो का?

इथवर मी 'मुलगा' म्हणत आलो, कारण 'मित्र की भविष्य' हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक वेळा मुलग्यांनाच विचारला जातो. केंद्र सरकारच्या २०२०-२१ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणातले स्थलांतराचे आकडे पाहा. देशातल्या ४७.९ टक्के स्त्रिया स्थलांतरित आहेत, पुरुष फक्त १०.७ टक्के. म्हणजे गाव सोडण्याचा अनुभव बाईला पुरुषाच्या चौपटीहून जास्त येतो. आणि स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्के लग्नामुळे गेलेल्या आहेत.

आमच्या वर्गात पहिली आलेली मुलगी गावातच शिकली, कारण तिला बाहेर ठेवायची घरच्यांची तयारी नव्हती. पाच वर्षांनी लग्न होऊन ती साडेतीनशे किलोमीटरवर गेली, तेव्हा अंतराची चिंता कोणाला वाटली नाही. भविष्यासाठी गाव सोडायचं नाही आणि लग्नासाठी मात्र सोडायचं, असा हा नियम. त्यात मैत्रिणी दोन्हीकडून जातात. आडनाव बदलतं, नंबर बदलतो, सासरी 'कोणाशी एवढं बोलतेस' असं विचारलं जातं. मुलगे निदान स्वतः निर्णय घेऊन मित्रांना दुरावतात. या मुलींच्या बाबतीत तो निर्णय दुसऱ्याच कोणीतरी घेतलेला असतो. ज्या पालकांना मुलीच्या अकरावीच्या कॉलेजाचं अंतर खुपतं, त्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

मग मैत्री तुटते ती नेमकी कशामुळे?

माझा अनुभव सांगतो. आमच्या चौघांपैकी एक जण बारावीनंतर वडिलांच्या आडत दुकानात बसू लागला. मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्याचे वडील गेले. मला ते सहा दिवसांनी कळलं, तेही तिसऱ्याच कोणाच्या तरी स्टेटसवरून. मला राग आला, वाईटही वाटलं. फोन केला तर तो म्हणाला, "तुझी परीक्षा चालू होती ना. तू निघाला असतास. म्हणून सगळ्यांना सांगितलं, त्याला कळवू नका."

त्याने माझं सेमिस्टर वाचवलं होतं. ज्याच्या वडिलांच्या सायकलवर बसून आम्ही बाजार फिरलो, त्यांच्या मातीला मी नव्हतो, आणि तो निर्णय त्याने माझ्या भल्यासाठी घेतला होता.

त्या दिवशी मला कळलं की, एवढी वर्षं तो कमी बोलतोय असं मी समजत होतो, ते तसं नव्हतं. माझ्या 'भविष्याला' धक्का नको म्हणून तो आपल्या अडचणी बाजूला ठेवत होता. आणि मी कधी विचारलंही नव्हतं. माझे फोन म्हणजे माझ्या कॉलेजच्या, पुण्याच्या गोष्टी. त्याला विचारायचो ते 'काय म्हणतोस, बरं आहे ना?' एवढंच. त्यावर 'बरं आहे' हेच उत्तर येतं.

दुसरी गोष्ट पैशांची. नोकरी लागल्यावर आम्ही कोकणात ट्रिप ठरवली. मी आणि दुसऱ्या एका नोकरदार मित्राने रिसॉर्ट शोधलं, माणशी खर्च ग्रुपवर टाकला. आडतवाला 'सीझन आहे' म्हणाला. चौथा, जो तेव्हा स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता, त्याने मेसेज वाचला आणि उत्तरच दिलं नाही. पुढच्या वर्षी आम्ही त्याला विचारलं नाही, 'उगाच त्याला अवघडायला नको' म्हणून. हळूहळू तो ग्रुपवर बोलायचा थांबला. आमच्यात भांडण झालंच नव्हतं. खर्च परवडणाऱ्यांनी कार्यक्रम ठरवला आणि न परवडणारा गप्प बसला, एवढंच.

अंतराने तास कमी होतात, हे खरं. पण आमचं नातं विरलं ते या दोन गोष्टींनी. मागे राहिलेला मित्र अडचण सांगायचं थांबवतो आणि पुढे गेलेला ती विचारायचं थांबवतो. दोघांनाही वाटतं आपण समोरच्याला त्रास देत नाही आहोत.

पसंतीक्रम भरताना काय करावं?

पहिला रकाना स्वतःसाठी ठेवावा. अभ्यासक्रम, शिकवण्याचा दर्जा, फी, राहण्याचा खर्च यांवर जे कॉलेज सगळ्यात योग्य ठरतं तेच वर. 'मित्र जातोय' एवढं एकच कारण असेल, तर ते कॉलेज वर टाकू नये. मित्राची शाखा बदलू शकते, त्याला दुसरीकडे जागा मिळू शकते आणि दोन वर्षांनी त्याची वाट तशीही वेगळी होणार असते.

पण दोन कॉलेजं जवळपास सारखी असतील, कटऑफमध्ये एक-दोन टक्क्यांचाच फरक असेल, तर मित्र असलेलं कॉलेज वर टाकायला काहीच हरकत नाही. नव्या जागी ओळखीचा एक चेहरा असणं ही खरी सोय आहे. पालकांनी अशा वेळी 'मित्रासाठी कॉलेज निवडतोस?' म्हणून मुलाला खजील करू नये. घरापासूनचं अंतर किंवा बसची सोय हे कारण चालतं, तसंच हेही कारण चालायला हवं.

आणि ज्याला कमी मार्क पडलेत त्या मित्राने 'आता तू मोठा माणूस' असा टोमणा मारू नये, हे म्हणणं सोपं आहे. त्याआधी घरच्यांनी आणि शाळेने दोघांची तुलना थांबवावी. निकालाच्या दिवशी 'बघ, तुझा मित्र कुठे गेला' हे वाक्य ज्याने ऐकलं, तो त्या मित्राकडे आधीसारखा बघू शकत नाही.

जे आधीच निघून गेलेत, त्यांनी काय करायचं?

पहिला फोन आपण करायचा. बाहेर पडल्याचा फायदा ज्याला मिळाला, त्याने थोडा जास्त भार उचलावा, इतकं सरळ आहे. भेट त्याच्या सोयीने ठरवावी. आडतीत सोयाबीनची आवक चालू असताना त्याला पुण्याला बोलावण्याऐवजी आपण जाऊन दुकानात बसावं. ट्रिपचा खर्च सगळ्यात कमी कमावणाऱ्याला विचारून ठरवावा. 'बरं आहे ना' याऐवजी नेमकं विचारावं, दुकान कसं चाललंय, आईचं गुडघ्याचं काय झालं. आणि आपली वाईट बातमीही सांगावी. आपण फक्त प्रमोशन कळवत राहिलो तर समोरचा त्याचं कर्ज कशाला कळवेल?

फार दिवस झाले, आता फोन केला तर विचित्र वाटेल, असं वाटत असेल तर पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेलं संशोधन उपयोगी आहे. ५,९०० हून जास्त लोकांवर केलेल्या प्रयोगांत त्यांना दिसलं की, आपण अचानक केलेली विचारपूस समोरच्याला किती आवडेल, याचा अंदाज लोक कमीच बांधतात. प्रत्यक्षात ती त्याहून जास्त आवडते. त्यातही ती अनपेक्षित असेल तर आणखी.

स्पर्धा परीक्षेवाल्या मित्राला मी असाच फोन केला, तीन वर्षांनी. तो आता एका पतसंस्थेत आहे. ट्रिपचा विषय मीच काढला. तो म्हणाला, "पैसे नव्हते रे. सांगायला लाज वाटली." एवढं बोलायला आम्हाला तीन वर्षं लागली. पूर्वीसारखं सगळं झालंय असं मी म्हणणार नाही, पण दर महिन्याला बोलणं होतं.

आणि आडतवाल्याच्या चुलत भावाने यंदा दहावी दिली. फॉर्म भरायच्या दिवशी त्याचा फोन आला, "तू बस जरा याच्यासोबत, मला यातलं कळत नाही." कटऑफ समोर ठेवून आम्ही दोन तास फोनवर होतो. वरची तीन कॉलेजं पोराने मार्क बघून टाकली. चौथ्या आणि पाचव्यात फारसा फरक नव्हता. त्याने हळूच विचारलं, "चौथं माझ्या मित्राचं टाकलं तर चालेल का?"

मी म्हटलं, टाक.